दून गावात पाहुणा म्हणून जाताना

दून लोकांच्या गावात ओळखीशिवाय, थेट जाऊन उभं राहू नये. आधी तुमचा माणूस ठरवा. माली देशाच्या दक्षिण टोकाला सिकासो विभाग आहे. तिथं कापूस आणि मक्याच्या पट्ट्यात, बुर्किना फासोच्या सरहद्दीच्या बाजूला या लोकांची गावं आहेत. मी यवतमाळ जिल्ह्यातला, जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या, यंत्रांवर काम करणारा माणूस. कापसाच्या हंगामात तिकडच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला होतो. माझ्यासोबतचा मिस्त्री दून होता, आणि तो मला सुट्टीला आपल्या घरी न्यायचा. जे काही शिकलो ते त्याच्या घरच्या ओसरीवर. आपल्याकडचे फिटर, पंपवाले, बियाणंवाले, औषधवाले आफ्रिकेत कामाला जातच असतात. कंपनी त्यांना यंत्राची माहितीपुस्तिका देते, माणसांची देत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो. आज हौसेनं तिकडे जाऊ नका. दक्षिण मालीतही सशस्त्र गटांचे हल्ले होतात. २०२५ च्या जुलैमध्ये पश्चिमेकडच्या कायेस इथल्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय कामगारांचं अपहरण झालं. त्याच वर्षी सप्टेंबरपासून इंधनाचे टँकर अडवण्याची मोहीम सुरू झाली आणि आयव्हरी कोस्टकडून सिकासोला येणारा रस्ताही त्या तडाख्यात सापडला. कामासाठी जावंच लागलं तर बामाकोतल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवा आणि गावाकडे निघण्याआधी तुमच्या स्थानिक माणसाला विचारा. तो ‘आज नको’ म्हणाला तर त्या दिवसाचा विषय संपला. पीतज्वराची लस घेतल्याचं पिवळं कार्ड जाताना लागतं आणि परत मुंबईला उतरतानाही लागतं. ते नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीपासून सुरू करा.

आता मूळ विषयाकडे.

तुम्हाला गावात नेणाऱ्या यजमानाला तिकडे जातिगी म्हणतात. तुम्ही त्याचे पाहुणे, त्याच्या जबाबदारीचे. तुम्ही काय खाल्लं, कुठं झोपलात, कुणाशी काय बोललात, सगळं त्याच्या नावावर जमा होतं. त्यामुळे त्याला डावलून काही करू नका, चांगलं कामसुद्धा नाही. गावातल्या एखाद्या गरजू बाईला पैसे द्यावेसे वाटले तरी जातिगीच्या हातून द्या. दुसऱ्या कुणी जेवायला बोलावलं तर आधी जातिगीला विचारा. आपल्याला हे बंधन वाटू शकतं. पण तुम्ही आजारी पडलात, कुणाशी खटका उडाला किंवा पोलिसांनी अडवलं, तर याच नात्यानं तुमच्या पाठीशी अख्खं घर उभं राहतं.

बाहेरचे लोक त्यांना समोगो म्हणतात. ते स्वतःला दून म्हणवतात आणि आपल्या भाषेला दूनगोमा. तुम्ही दूनच म्हणा. दूनगोमा मांदे कुळातली भाषा आहे, चढ-उतारांची. तेच अक्षर उंच स्वरात म्हटलं तर एक अर्थ, खालच्या स्वरात दुसरा. शेजारच्या सेनुफो लोकांच्या गावांची भाषा वेगळ्याच कुळातली आहे, म्हणून बाजारात, बसमध्ये, कारखान्यात सगळ्यांचं काम बांबारा या भाषेवर चालतं. २०२३ च्या नव्या संविधानानं मालीत फ्रेंचचं राजभाषापण काढलं आणि तेरा भाषांना तो मान दिला. त्या तेरांत दूनगोमा नाही. दून मूल घरात एक भाषा बोलतं, बाजारात दुसरी आणि वहीत तिसरी लिहितं. म्हणून गावात पोचायच्या आदल्या रात्री जातिगीकडून दूनगोमातलं सकाळचं नमन शिकून घ्या. मोबाइलवर त्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा आणि सुरासकट म्हणून पाहा. पुस्तकातून किंवा कुणाच्या लिखाणातून ते शिकू नका, सूर कागदावर येत नाही. म्हातारी माणसं तुमच्या तोंडून आपली भाषा ऐकतात तेव्हा त्यांचा चेहरा फुलतो. तो पाहण्यासाठी एवढे कष्ट नक्की घ्यावेत.

बाकी वेळेला बांबारातलं नमन पुरतं. सकाळी ‘इ नी सोगोमा’, दुपारी ‘इ नी तिले’, दिवस कलल्यावर ‘इ नी वुला’, रात्री ‘इ नी सु’. समोरच्यानं नमन केलं की पुरुषानं ‘न्बा’ म्हणायचं, बाईनं ‘न्से’. यांची अदलाबदल करू नका. मग घरच्या मंडळींची चौकशी: ‘सोमोगो बे दि?’ उत्तर ‘तोरो ते’, म्हणजे काही त्रास नाही. घरात कुणी आजारी असलं तरी पहिलं उत्तर हेच येतं. खरी बातमी नंतर सांगतात, सगळे बसल्यावर. शेतात राबणाऱ्याजवळून जाताना ‘इ नी बारा’, बाजारातून आलेल्याला ‘इ नी सुगु’. नुसतं हात हलवून पुढं गेलात तर तो तुमचा रागच समजला जाईल. कितीही घाई असो, नमनाआधी कामाचा शब्द काढायचा नाही. रस्ता विचारायचा असला तरी आधी नमन, घरची चौकशी, मग रस्ता. आपल्या साइटवर ‘काय रे, तो पाना कुठंय?’ अशी सुरुवात चालते. तिथं मिस्त्री हातातलं काम थांबवून तुमच्या नमनाची वाट पाहत उभा राहील.

नावाचंही तसंच आहे. मालीत मान द्यायचा असला की आडनावानं हाक मारतात, आणि भेटल्यावर ते आडनाव दोन-तीनदा उच्चारतात. परक्या पाहुण्यालाही घरचं आडनाव देतात. ते आनंदानं घ्या आणि वापरा. मला त्राओरे केलं. त्यानंतर जिथं जिथं दियारा आडनावाचा माणूस भेटला, तिथं तिथं त्यानं मला यथेच्छ चिडवलं. त्राओरे आणि दियारा यांचं परंपरेनं थट्टेचं नातं आहे, त्याला सेनांकुया म्हणतात. एकदा रस्त्यावरच्या नाक्यावर कागद तपासणाऱ्या शिपायानं माझं मालीतलं नाव विचारलं. ऐकल्यावर म्हणाला, ‘तू तर शेंगा खाणारा!’ तो दियारा होता. मी म्हटलं, ‘शेंगांचं पातेलं तर तुझ्याच घरी आहे.’ त्यानं हसत हसत कागद परत दिले. चवळीसारखे दाणे खाण्यावरून एकमेकांना डिवचणं ही या नात्यातली नेहमीची थट्टा आहे आणि तिचा राग कुणी धरत नाही. दोन घरांत तंटा झाला तर असेच थट्टेच्या नात्यातले लोक मध्ये पडून तो मिटवतात. फक्त तुमचं आडनाव कुणाशी या नात्यात बसतं ते जातिगीकडून माहीत करून घ्या. वाटेल त्याची थट्टा करायची नसते.

गावात पोचलात की क्रम असा. ओसरीवर किंवा झाडाखाली बसायला देतील, चटईवर पाय ठेवण्याआधी चपला काढा. पाणी येईल. निदान ओठाला तरी लावा. पाणी होईस्तोवर कुणी काही विचारणार नाही. मग नमनं, मग ‘काय बातमी?’ असं विचारतील. तेव्हा तुम्ही कुठून आलात, का आलात ते थोडक्यात सांगायचं. तुम्ही हळू आवाजात जातिगीला सांगा, तो ते मोठ्यानं आणि नीट मांडून वडीलधाऱ्यांना सांगेल. उत्तरही त्याच्याचमार्फत येईल, समोरचे तीन हातांवर बसलेले असले तरी. मला हा रिवाज मनापासून आवडला. रागाचा किंवा घाईचा शब्द मधल्या माणसापाशी थांबतो.

त्यानंतर दुगुतिगीकडे, म्हणजे गावच्या मुखियाकडे जायचं. सोबत कोला घ्या. हे कडवट, तुरट फळ, खरं तर बी, मालीत पिकत नाही. दक्षिणेकडच्या आयव्हरी कोस्टच्या जंगलातून येतं, आणि सिकासो हे या व्यापाराचं जुनं ठाणं. बाजारात पानांत गुंडाळलेला, ओला, कडक कोला पाहून घ्या. सुरकुतलेला किंवा किडीनं भोकं पडलेला नको. पांढरा आणि लाल दोन्ही मिसळून घ्या. दुकानदारीण तुम्हाला किंमत फ्रँकमध्ये न सांगता बांबारा मोजणीत सांगेल. त्या मोजणीत पाच फ्रँकचा एक. ती ‘केमे’, म्हणजे शंभर, म्हणाली की तुम्ही पाचशे फ्रँकची नोट काढा. कोला उजव्या हातानं जातिगीकडे द्या, तो पुढं देईल. मुखिया एक फोडून वाटेल. एक तुकडा तोंडात टाका, चावा, कडू लागलं तरी थुंकू नका. लग्न, बारसं, मयत, तंटामिटवणी, सगळीकडे हाच कोला फिरतो. बाकी भेट म्हणून चहापत्ती, साखर आणि घरातल्या बायकांसाठी चांगला साबण न्या. भारतातून शोभेच्या वस्तू नेण्यात अर्थ नाही.

गप्पा बहुधा शेतीवर येतात आणि आपल्याकडच्या माणसाला तिथं बोलायला पुष्कळ असतं. जमीन लाल, मुरमाड. आपल्या काळ्या रेगडीसारखी ओल धरत नाही. पण सिकासो हा मालीतला सर्वात पावसाचा भाग आहे, दक्षिणेला वर्षाला हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो. पेरणी मे-जूनमध्ये, वेचणी ऑक्टोबरपासून, सगळी हातानं. कापसामागून मका, मग ज्वारी-बाजरी अशी पिकांची फेरपालट. मालीत कापसाचा कारभार १९७४ पासून सीएमडीटी या कंपनीकडे आहे. ती गावच्या सहकारी संस्थांना बियाणं आणि खत उधारीवर देते, जाहीर केलेल्या भावानं कापूस घेते आणि उधारी त्यातून कापून घेते. सावकार नाही, अडत्या नाही, हे ऐकून माझ्या मनात काय आलं असेल ते विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको. त्यांच्याही तक्रारी आहेत: पैसा उशिरा येतो, खत उशिरा येतं. बीटी कापसाबद्दल तुम्हाला हमखास विचारतील. शेजारच्या बुर्किनानं तो २००८ मध्ये व्यापारी पातळीवर घेतला आणि धागा आखूड निघाल्यामुळे २०१६ पासून सोडून दिला. आपल्याकडच्या गुलाबी बोंडअळीबद्दल खरं ते सांगा. ते शेतकरी आहेत, त्यांना जाहिरात नको असते. मात्र ‘तुमची गुरं किती, मुलं किती’ असे आकडे विचारू नका. मोजलेल्याला दृष्ट लागते अशी समजूत आहे. ‘गुरं बरी आहेत ना?’ एवढंच विचारा.

जेवणाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपली बरीच माणसं इथं अडतात.

रोजचं अन्न म्हणजे ‘तो’ नावाचा पदार्थ. मका, बाजरी किंवा ज्वारीच्या पिठाचा घट्ट, रटरटून शिजवलेला गोळा, सोबत कालवण. पुरुष एका मोठ्या भांड्याभोवती, बायका आणि लहान मुलं वेगळ्या भांड्याभोवती. आधी हात धुण्याचं पाणी फिरतं, मोठ्यांपासून लहानांकडे. भांड्याची कड धरून ठेवायचं काम सर्वात लहान मुलाचं, डाव्या हातानं. तुम्ही उजव्या हाताच्या बोटांनी तुमच्या समोरचाच भाग तोडा, कालवणात बुडवा आणि खा. दुसऱ्याच्या पुढ्यात हात घालायचा नाही. मधले मांसाचे तुकडे शेवटी वडीलधारा वाटतो, तोवर त्यांना कुणी हात लावत नाही. वडीलधारी मंडळी भांड्यात थोडं मागं ठेवून उठतात, ते मुलांसाठी असतं. तुम्हीही भांडं पुसून घेऊ नका. उठताना ‘इ नी ग्वा’ म्हणा. हे चुलीपाशी राबलेल्या बाईला असतं, म्हणून तिला ऐकू जाईल असं म्हणा.

कालवण बहुधा भेंडीचं किंवा गोरखचिंचेच्या, म्हणजे बाओबाबच्या पानांचं, चांगलंच बुळबुळीत. त्यात सुक्या मासळीचं कूट असतंच. शेंगदाण्याचं दाट कालवण आपल्या जिभेला लगेच जुळतं. वास येईल तो सुंबालाचा. नेरे नावाच्या झाडाच्या शेंगांतलं बी तासन् तास शिजवून, टरफलं काढून, पुन्हा शिजवून दोन-तीन दिवस आंबवतात. त्याच्या काळ्या वड्या कालवणात घालतात. वास उग्र असतो, चव मात्र खोल. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांकडेला लोंबत्या चेंडूंसारख्या फुलांचं चेंडूफळाचं झाड असतं, नेरे त्याच्याच जातकुळीतलं. सुंबालाला नाक मुरडू नका. ज्या घरी तो चांगला जमतो तिथली गृहिणी गावात नावाजली जाते.

आता शाकाहारी माणसाचं काय? ‘मी खात नाही’ एवढंच म्हटलं तर त्यांना वाटतं अन्न आवडलं नाही किंवा तुम्ही आजारी आहात. प्रकृतीची, तत्त्वाची कारणं पुढं करून उपयोग होत नाही. ‘हे आमच्या घराण्याचं तना आहे’ असं सांगा. तिकडे एकेका घराण्याचा एकेक प्राणी असतो. कुणाची मगर, कुणाचा अजगर, कुणाचा एखादा पक्षी. त्या प्राण्यानं पूर्वजाला कधीतरी वाचवलेलं असतं, म्हणून ते घराणं त्याला मारत नाही, खात नाही. आपल्याकडे ज्यांच्या घरी देवक मानतात त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. माझ्या घरचं देवक मी जातिगीच्या वडिलांना सांगितलं: आमचं एक झाड आहे, त्याला आम्ही कुऱ्हाड लावत नाही, लग्नात त्याची डहाळी पुजतो. म्हातारबुवा बराच वेळ मान हलवत राहिले. मग त्यांनी त्यांच्या घराण्याची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या घरची असल्यानं इथं देत नाही. तना सांगितल्यावर पुन्हा कुणी आग्रह केला नाही. माझ्यासाठी वेगळ्या वाटीत शेंगदाण्याचं कालवण, कधी उकडलेला याम कंद, कधी रताळी येऊ लागली. मात्र एकदा तना म्हटलं की ते पाळायचं. गावात नको म्हणायचं आणि सिकासोच्या हॉटेलात कोंबडी खायची, असं केलंत तर बातमी तुमच्याआधी गावात पोचते.

श्रद्धेच्या बाबतीत तुमच्या डोक्यातले कप्पे घेऊन जाऊ नका. गावात मशीद असते, बांग होते, बरेच लोक नमाज पढतात. त्याच गावाला देवराई असते, तिथलं लाकूड तोडत नाहीत. पूर्वजांच्या नावानं जमिनीवर पाणी सांडणारे, पेरणीआधी कोंबडं देणारेही तिथंच असतात, कधी एकाच घरात. सिकासो शहराजवळ मिसिरीकोरो नावाचा एक उंच खडक आणि गुहा आहेत. तिथं मुसलमान नमाज पढतात आणि जुन्या श्रद्धेचे लोक नवसाचं कोंबडंही आणतात. ‘तुम्ही नक्की कोण?’ हा प्रश्न विचारू नका. देवराईत बोलावल्याशिवाय पाऊल टाकू नका, नुसता फोटो काढायलाही नाही. फोटो कुठंही विचारूनच काढावा, आणि काही गोष्टींचा विचारूनही नाही. एखाद्या रात्री जातिगी म्हणेल, ‘आज बाहेर पडू नका.’ त्या रात्री दार लावून झोपा. या भागात गुप्त मंडळांचे विधी असतात, ते दीक्षा न घेतलेल्यानं पाहायचे नसतात. सकाळी उठल्यावर चौकशीही करू नका. अंधार पडल्यावर शीळ घालू नका, त्यानं नको ते जवळ येतं असं मानतात. मातीच्या रंगाचा, ताईत टाचलेला अंगरखा घातलेला माणूस भेटला तर तो दोन्सो, शिकारी. त्याला झाडपाल्याचं औषध कळतं आणि गाव त्याला मानतं. त्याच्या ताईतांना हात लावू नका.

बायकांच्या कामाजवळ बसायला मिळालं तर जरूर बसा, जातिगीच्या आईची परवानगी घेऊन. शियाचं तूप कसं निघतं ते मी असंच पाहिलं. शिया हे झाड कुणी लावत नाही, शेतातच उगवतं आणि नांगरताना त्याला वळसा घालतात. फळ लागायला पंधरा-वीस वर्षं जातात, म्हणून तोडायचा प्रश्नच नाही. पावसाच्या तोंडाला फळं गळू लागतात आणि बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. आपल्या गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुलं वेचायला निघतात अगदी तशा, आणि मोह व शिया वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले आहेत. गर गोड, तो तिथंच खातात. बिया उकळायच्या, उन्हात वाळवायच्या, फोडायच्या, आतला दाणा कुटायचा, भाजायचा, दळायचा. मग त्या तपकिरी लगद्यात पाणी घालत हातानं घुसळत राहायचं. चार-पाच बायका आळीपाळीनं घुसळतात, खांदे भरून येतात, आणि एका क्षणी लगद्याचा रंग फिकट होऊन वर पांढरट लोणी येतं. ते काढून कढवलं की तूप. स्वयंपाकाला, अंगाला, बाळाला, जखमेला हेच. तुम्ही घुसळायला हात घातलात तर बायका हसतील, पण घालू देतील. मात्र हे पैसे त्यांचे आहेत हे ध्यानात ठेवा. तूप विकत घ्यायचं तर त्या बाईकडूनच घ्या, तिच्या नवऱ्याशी सौदा करू नका, आणि घासाघीस करू नका.

संध्याकाळी चहा. कोळशाच्या छोट्या शेगडीवर, हिरव्या चिनी चहाचा, तीन फेऱ्यांचा. पहिली कडू, पुढच्या गोड होत जाणाऱ्या. एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत फेस काढतात आणि दोन पेले सगळ्यांत फिरतात. पहिली फेरी पिऊन उठू नका. खऱ्या गोष्टी तिसऱ्या फेरीला निघतात. सिकासोच्या केनेदुगू राज्याच्या गोष्टी मी तेव्हाच ऐकल्या. केनेदुगूचा राजा तिएबा त्राओरे यानं शहराभोवती मातीची अफाट तटबंदी उभारली, तिला ताता म्हणतात. १८८७-८८ मध्ये सामोरी तुरे हा प्रतिस्पर्धी राजा वेढा घालून बसला आणि हात हलवत परत गेला. मग १ मे १८९८ रोजी फ्रेंचांनी तोफांनी शहर घेतलं. तिएबाचा भाऊ बाबेम्बा गादीवर होता. त्यानं शरण जाण्यापेक्षा जीव दिला. हे वाचून जा. मला आडनाव त्राओरे मिळालं होतं, तेव्हा म्हाताऱ्यांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं आणि उत्तर देता आलं याचा त्यांना आनंद झाला.

बालाफोन हे वाद्य ऐकायला मिळालं तर सगळी कामं बाजूला ठेवा. लाकडी पट्ट्या, खाली लहान-मोठे भोपळे आणि भोपळ्याच्या भोकांवर कोळ्याच्या जाळ्यातला पातळ पापुद्रा चिकटवलेला. त्यानंच आवाजाला तो झणझणीत कंप येतो. मालीतल्या आणि शेजारच्या सेनुफो समाजांचा बालाफोन युनेस्कोच्या यादीत आहे. दूनांचे भाषाबंधू सांब्ला लोक बुर्किनात राहतात, ते तर या वाद्यावर बोलतात. भाषाच सुरांची असल्यानं वादक शब्दांचे सूर वाजवतो आणि लोक वाक्य ओळखतात. कुणाचं नाव घेऊन हाक मारतो, पैसे मागतो, टोमणा मारतो. लॉरा मॅकफर्सन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर मोठा अभ्यास केला आहे. तेव्हा वादक तुमच्याकडे पाहून काहीतरी पुन्हा पुन्हा वाजवू लागला तर जातिगीला विचारा. बहुधा तुमच्याकडेच काही मागणं असतं. एक नोट वादकाच्या पुढ्यात किंवा त्याच्या कपाळाला लावून द्या.

निघायचं असेल तेव्हा बॅग उचलून चालू लागू नका. आदल्या संध्याकाळीच जातिगीला सांगा की मी रस्ता मागतो आहे. तो वडीलधाऱ्यांना सांगेल. ते म्हणतील, ‘अजून थांबा.’ पुन्हा मागा. मग ते म्हणतील, ‘अर्धा रस्ता दिला, अर्धा आमच्याकडे ठेवला.’ तो अर्धा घ्यायला परत यायचं असतं. मग आशीर्वाद सुरू होतात, एकामागून एक, आणि प्रत्येकाला ‘आमिना’ म्हणायचं. मोजून चारला थांबायचं नाही, ते थांबेपर्यंत. लांबच्या प्रवासाला निघताना डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. एरवी डावा हात पुढं करणं अपमान. मुद्दाम केलेली ही चूक परत येऊन दुरुस्त करायची, म्हणून. कुणी डावा हात पुढं केला तर बिचकू नका, तुमचाही डावाच द्या.

परतल्यावर पोचल्याचा निरोप लगेच द्या, मजकूर नको, आवाजी निरोप पाठवा, आणि त्यात घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं नमन करा. ईद, पेरणी, घरातलं बारसं-मयत यांना फोन करा.

आणि मालीची माणसं इकडेही येतात. भारतानं आफ्रिकेतल्या कापूस उत्पादक देशांसाठी २०१२ पासून जो कार्यक्रम चालवला त्यात माली होता, आणि मुंबईच्या माटुंग्यातल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. असा कुणी तुमच्या कारखान्यात आला तर आधी पाणी द्या, घरची चौकशी करा, आडनाव विचारा, मगच यंत्राकडे न्या. तो नमाजी असेल तर जागा आणि वेळ दाखवा, रमजानात दुपारच्या चहाचा आग्रह नको. घरी जेवायला बोलवा, एकाच परातीत भात वाढा, वर शेंगदाण्याची आमटी आणि भेंडी. तिखट निम्मं करा. जाताना त्याला स्टेशनपर्यंत सोडायला जा आणि डावा हात पुढं करा.